टाकी मोठी घेतली, तरी ठिबक चालेना

वावरात ठिबक बसवताना हा सल्ला हमखास मिळतो: "पाचशेच्या जागी हजार लिटरची टाकी ठेवा, प्रेशर वाढेल." प्रेशर वाढत नाही, वाढतो तो स्टँडवरचा भार. वजन, वस्तुमान आणि दाब यांची गल्लत झाली की खर्च असा चुकीच्या जागी होतो. म्हणून ही टाकीच समोर ठेवून तिन्ही वेगळे करू.

वस्तुमान म्हणजे टाकीत माल किती. 1000 लिटर पाणी म्हणजे 1000 किलो, मग टाकी अकोल्यात असो की चंद्रावर. भरलेली बंडी जागची हलवताना बैलांना जोर लागतो आणि चालती बंडी थांबवतानाही लागतो, तो या वस्तुमानामुळे. तिचा भार तर जमीनच पेलत असते.

वजन म्हणजे त्या मालाला पृथ्वी खाली किती जोराने ओढते. जोर न्यूटनमध्ये मोजतात. विदर्भात एका किलोला साधारण 9.79 न्यूटन, म्हणजे क्विंटलभर कापसाला 979. चंद्रावर हीच ओढ सहाव्या हिश्श्यावर येते. तागडीत माल आणि माप दोन्हींवर सारखीच ओढ असते, म्हणून ती कुठेही वस्तुमानच सांगते. स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र ओढ मोजतो आणि आकडा किलोत दाखवतो, म्हणून तो जागेवर प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो. अर्थात कापूस मोजताना खरा फरक ओलाव्याने पडतो: 8 टक्के ओलाव्याचा 100 किलो कापूस 12 टक्क्यांवर गेला की साडेचारशे ग्रॅम नाही, साडेचार किलो जास्त भरतो.

आता दाब. तोच जोर किती जागेवर पडतो, हा इथला प्रश्न. भरलेली टाकी चार पायांवर उभी केली तर एका पायावर 250 किलोचा भार येतो, स्टँडचं वजन वेगळं. पाय 50 बाय 50 बाय 6 मिमीच्या अँगलचा असेल तर जमिनीला टेकणारं लोखंड जेमतेम 5.6 चौरस सेंमी. म्हणजे दर चौरस सेंमीवर 44 किलोच्या वर भार. उन्हाळ्यात कडक झालेली काळी माती एखादवेळी हे सोसेल, पण पावसाळ्यात ती लोण्यासारखी होते, एक पाय आधी रुततो आणि टाकी कलते. पायाखाली 30 बाय 30 सेंमीची जाड प्लेट वेल्ड केली की तोच भार 900 चौरस सेंमीवर पसरतो आणि दाब 0.28 वर येतो. प्लेट पातळ घेऊ नका. ती वाकली की भार पुन्हा मधेच पडतो. प्लेटखाली मुरूम ठोकून घ्या.

टाकीतल्या पाण्याचा दाब ठरतो तो फक्त उंचीवरून. दर 10 मीटरला जवळपास 1 किलो प्रति चौरस सेंमी, टायरच्या भाषेत 14 पौंड. टाकी रुंद असो की अरुंद, 4 मीटरवर ठेवली तर खाली 0.4 च मिळणार. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्यामुळे 1 किलो दाबाला ताशी 4 लिटर देणारा ड्रिपर 0.4 ला अडीच लिटरच देतो, तोही फिल्टर आणि नळीतलं घर्षण न धरता. शेवटच्या ओळीतली पऱ्हाटी कोमेजते ती यामुळेच. गेज, म्हणजे दाब दाखवणारं मीटर, बघताना पाणी सुरू ठेवून बघा. व्हॉल्व्ह बंद असताना घर्षण नसतं आणि आकडा फसवा दिसतो. फिल्टरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे गेज लावा. पंपावरच्या ठिबकात हा फरक 0.5 कडे सरकला की जाळी धुवायची वेळ झाली. टाकी आणखी उंच नेता येत नसेल, तर ठिबक थेट पंपावर चालवणंच योग्य.

विहिरीवरच्या मोटरचंही असंच आहे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात हवेचा दाब पाण्याला पाइपात वर ढकलतो, आणि हा दाब समुद्रसपाटीला 1.03 किलोच आहे. म्हणजे निर्वात पाइपातही पाणी 10.3 मीटरच्या वर चढणार नाही. व्यवहारात 6 ते 7 मीटर धरा. एप्रिल-मेमध्ये पाणी त्याखाली गेलं की काठावरची मोटर नुसती फिरते. तीनच्या जागी पाच एचपीची आणली तरी तेच, कारण पंपाची ताकद पाणी पुढे ढकलायला कामी येते, खालून आणायला नाही. आधी फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळतो का आणि सक्शन पाइपाचे सांधे हवा घेतात का, ते तपासा. ते ठीक असतील तर मोटर विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवा किंवा पाण्यात बुडणारा सबमर्सिबल पंप बसवा.