तुम्ही विचारलंत म्हणून: ही जनावरं कामाची की शोभेची?

आजवर हा प्रश्न हसून टाळला, आता लिहूनच टाकतो. माझ्या फडताळातली मातीची नि चिनीमातीची जनावरं बघून येणारा प्रत्येकजण विचारतो, "हे वापरता की नुसतं ठेवलंय?" "वापरतो" म्हटलं की "फुटलं तर?" "ठेवलंय" म्हटलं की "मग एवढं काय त्यात?" काहीही सांगितलं तरी खुळा मीच.

मुळात हा 'की' भट्टीलाच मान्य नाही. जाड, भरीव जनावर ओल राहिलेलं असताना भाजायला घातलं, तर आत वाफ कोंडते आणि ते तडकतं, कधी फुटतंच. म्हणून पोट पोकळ ठेवायचं आणि हवेला वाट द्यायची. पोकळ पोट आणि एक भोक म्हणजे निम्मं भांडं झालंच की! बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातल्या पांचमुड्याचा घोडा देवाला वाहायचा. त्यात कुणी पाणी भरत नाही. तरी त्याचे पाय, मान, धड चाकावर पोकळच घडतात, कान आणि शेपूट वेगळी करून खोचतात. मेक्सिकोतल्या कोलिमाचे गुबगुबीत कुत्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी थडग्यांत ठेवले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना चक्क तोटी आहे. जावातल्या माजापाहित राज्याचे, 14व्या-15व्या शतकांतले डुकराच्या आकाराचे गल्ले तर पैसे काढायला फोडायचेच. अख्खे फार थोडे उरले. तिथे काम कुठे संपतं नि शोभा कुठे सुरू होते, ते तुम्हीच सांगा.

आता गायीचं. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचे कुंभार 18व्या शतकात दुधासाठी जशी गाय करत, त्या घाटाची माझी एक, अलीकडची. पाठीवरचं झाकण काढून दूध ओतायचं, वळलेल्या शेपटीला धरून कलंडवायची. तोंडातून बारीक धार येते. धार थांबवली की हनुवटीला एक थेंब लटकून राहतो, तो बोटाने पुसावा लागतो. माझ्या लेखी तो थेंब म्हणजेच ती गाय.

तिचं शिंग तुटलं. एका कारागिराकडे दिली. परत आली तेव्हा शिंग इतकं बेमालूम बसलं होतं की सांधा सापडेना. कौतुकाने झाकण उचलायला गेलो, तर अख्खी गायच वर आली. झाकण एपॉक्सीने पक्कं केलेलं. तोंडाचं भोक लिंपून त्यावर ओठ रंगवलेले, किंचित हसरे. तो म्हणाला, "झाकण सारखं हलत होतं, पडलं असतं. आता शोकेसमध्ये कायमची राहील." त्या जादा कामाचे पैसेही घेतले नाहीत त्याने. माणूस वाईट असता तर भांडलो असतो. इथे भांडायलाही जागा नव्हती. "छान झालंय" म्हणालो आणि घेऊन आलो. द्रावण लावून सांधा सुटेलही, पण रंग जाईल आणि झाकणाची पातळ कड टवका उडून बाद होईल, म्हणून हात लावत नाही.

खरं सांगायचं तर धुताना मी तिला शिव्याच घालायचो. पोटात हात जात नाही, ब्रश वळत नाही, चुकून दूध राहिलं की वास. आणि शिशाच्या झिलईची जुनी, अस्सल गाय कुणी दिली, तर तिच्यात मी दूध घालणार नाही. तुम्हीही घालू नका.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की वापर हाच वस्तूचा मान, काचेआडचं जनावर मेलेलं. त्या जुन्या मला मी आता विचारतो, मग ही बुजवलेली गाय अजून का ठेवलीस? येता-जाता का पुसतोस? तो म्हणतो, सवय. हे मला पटत नाही. मग तोही उलटून विचारतो, नुसती बघायलाच पुरत होती, तर शेजारी दुसरी, झाकण उघडणारी, कशाला आणलीस?

यावर मला अजून काही सुचलेलं नाही. त्या दुसरीचंही झाकण जरा हलतं. कुणी पक्कं करून देतो म्हणालं, तर नको.