पिवळी जर्सी आणि चार कॉलम

कुठल्या देशाला किती कॉलम द्यायचे, याचा क्रीडा पानावर एक कुठेही न लिहिलेला हिशेब असतो. भारत-पाकिस्तानसाठी आख्खं पान मोडतात, विम्बल्डनला तीन कॉलम मिळतात आणि स्लोव्हेनियासारखा देश ‘संक्षिप्त’मध्ये चार ओळींत संपतो. १९ सप्टेंबर २०२० च्या रात्री माझं या हिशेबाशी वाजलं. ते अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

करोनाचे दिवस होते. जाहिराती आटल्या होत्या आणि क्रीडेची दोन पानं जाऊन एकच उरलं होतं. निम्मा डेस्क घरून काम करत होता. ऑफिसात मी, क्रीडा संपादक आणि पान लावणारे ऑपरेटर दादा, एवढेच. त्या संध्याकाळी अबुधाबीत मुंबई विरुद्ध चेन्नई सामन्यानं आयपीएल सुरू होणार होती. महिनाभरापूर्वीच, १५ ऑगस्टला, धोनीनं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केलेली, त्यामुळे लोकांना त्याला मैदानावर बघायची घाई होती. पानाची डमी, म्हणजे आराखडा, दुपारीच ठरली: वर सामना, बाजूला धोनीची चौकट, खाली जाहिरात आणि डाव्या कडेला ‘संक्षिप्त’चा एक कॉलम.

टूर डी फ्रान्स ही तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं चालणारी सायकल शर्यत त्या कॉलमात होती. एरवी जुलैत होणारी शर्यत करोनामुळे २९ ऑगस्टला सुरू झाली आणि नेमकी आयपीएलला येऊन भिडली. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये समारोप; पण तो तेव्हा मिरवणुकीसारखा असायचा, पहिल्या क्रमांकावर तिथे कुणी हल्ला करत नसे. म्हणजे खरा निकाल शनिवारीच लागणार होता: ल्यूर गावापासून ला प्लाँश दे बेल फीय या डोंगरापर्यंत ३६.२ किलोमीटर, प्रत्येकानं एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध जायचं, म्हणजे टाइम ट्रायल. शेवटचे सहाएक किलोमीटर खडा चढ.

मी लोणावळ्यात वाढले. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून यायची तेव्हा आम्ही पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्त्याकडेला उभी असायचो. घाटाचा राजा कोण, हा आमच्यासाठी शर्यत कोण जिंकलं यापेक्षा मोठा प्रश्न. त्यामुळे टूरचे तीन आठवडे माझ्या संगणकावर एका कोपऱ्यात वेळांचं पान उघडं असतं. डेस्कवर कुणी त्याला हरकत घेत नाही, कारण कुणाला त्यात रसच नसतो.

तोवरच्या सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत पहिला क्रमांक प्रिमोझ रोग्लिच, दुसरा तादेय पोगाचार, मध्ये ५७ सेकंद. दोघेही स्लोव्हेनियाचे. (वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात त्यांच्या अक्षरांवरच्या खुणा गळतात आणि आपल्याकडे ‘रोग्लिक’ आणि ‘पोगाकर’ छापले जातात. इंटरनेटवर उच्चार ऐकायला अर्धं मिनिट लागतं, तेवढंही कुणी करत नाही, याचा मला राग येतो.) रोग्लिच तिशीचा, आधी स्की जंपिंग करणारा. २००७ साली त्या खेळात सांघिक ज्युनिअर विश्वविजेता झाला, त्याच वर्षी प्लानित्साच्या प्रचंड उतारावर वाईट आपटला आणि विशी उलटल्यावर सायकलकडे वळला. पोगाचारचा बाविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. लहानपणी ल्युब्लियानाच्या रोग क्लबमध्ये त्याला पुरेल एवढी छोटी सायकलच नव्हती. एका शर्यतीत आंद्रेय हाउप्टमन या प्रशिक्षकाला एक बारका पोरगा मोठ्या मुलांच्या घोळक्यामागे एकटाच दिसला. मागे पडलाय बिचारा, असं त्यांना वाटलं. लोकांनी सांगितलं की तो मागे पडलेला नाही, एक फेरी जास्त मारून मागून गाठायला आलाय.

रोग्लिचचा संघ त्या वर्षी सगळ्यात तगडा होता आणि टाइम ट्रायल त्याच्या हातचा खेळ. तो जिंकणार, हे सगळ्या वृत्तसंस्थांनी धरलंच होतं. डाक आवृत्ती, म्हणजे सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे जाणारी, दहाच्या आत सुटते. तिच्यासाठी सरांनी, म्हणजे क्रीडा संपादकांनी, चार ओळी मागितल्या होत्या: ‘रोग्लिच विजेतेपदाच्या उंबरठ्यावर’.

पोगाचार त्याच्या दोन मिनिटं आधी सुटला होता. सपाटीवरच्या पहिल्या नोंदीत तो थोडा पुढे होता. तेवढं चालतं, म्हटलं. चढाच्या पायथ्याशी दुसरी नोंद आली तेव्हा ५७ पैकी ३६ सेकंद गेले होते. मी खुर्ची पुढे ओढली. टीव्हीवर मध्यंतर संपून चेन्नईची फलंदाजी सुरू व्हायच्या बेतात होती. मी सरांना म्हटलं, ‘‘सर, डाकचं पान दहा मिनिटं धरता येईल का?’’

‘‘कशासाठी?’’

‘‘टूर फिरतेय.’’

‘‘अगं, चार ओळींसाठी गाडी थांबवायची का?’’

चूक त्यांचीही म्हणता येत नाही. छापखान्यातून गाडी उशिरा निघाली की सांगलीच्या एसटी स्टँडवर गठ्ठा उशिरा पडतो, विक्रेता दुसरा पेपर टाकतो आणि सकाळी वितरण विभागाचा फोन संपादकांना जातो. तिथून तो फिरत फिरत क्रीडा डेस्कवर येतो.

पायथ्याशी दोघांनीही सायकल बदलली, सपाटीची जड सायकल टाकून चढाची हलकी घेतली. त्यानंतर त्या चढावर जे घडलं ते आकड्यांत तरी नीट वाचावं. पायथ्यापर्यंत ३६ सेकंद गमावलेल्या रोग्लिचनं उरलेल्या सहाएक किलोमीटरमध्ये आणखी एक मिनिट वीस सेकंद गमावले. त्याचं पिवळं हेल्मेट कपाळावरून वर सरकलं होतं, खांदे डुलत होते, पायांत लय उरली नव्हती. वर त्याच्याच संघातले ड्यूमुलँ आणि व्हान आर्ट स्क्रीनकडे बघत बसले होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पोगाचारची वेळ ५५ मिनिटं ५५ सेकंद. दुसऱ्या आलेल्या ड्यूमुलँपेक्षा तो तब्बल १ मिनिट २१ सेकंदांनी पुढे, रोग्लिच पाचवा. एकूण हिशेबात पहिल्या क्रमांकाची पिवळी जर्सी आता ५९ सेकंदांनी पोगाचारची. घाटाच्या राजाची लाल ठिपक्यांची आणि सर्वोत्तम तरुणाची पांढरी जर्सीही त्याचीच.

त्याच सुमारास चेन्नईचे वॉटसन आणि विजय झटपट पायचीत झाले आणि २ बाद ६ अशी अवस्था झाली. सर टीव्हीकडे वळले. डाक आवृत्ती सुटली, ‘रोग्लिच उंबरठ्यावर’सह.

शहर आवृत्तीला दोन-अडीच तास होते. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले आणि चार कॉलम मागितले. त्यांनी दोन देऊ केले. मी म्हटलं, धोनीच्या चौकटीत नवं काही नाही, ते सगळं ऑगस्टमध्येच छापून झालंय. ते म्हणाले, वाचकाला स्लोव्हेनिया नकाशावर दाखवता येत नाही. मी म्हटलं, म्हणूनच छापायला हवं. २१ लाखांच्या आसपास लोकसंख्या, पुणे शहरापेक्षा कमी. १९९१ साली स्वतंत्र झालेला देश. आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीत पहिला-दुसरा त्यांचाच. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दादांना म्हणाले, ‘‘चौकट काढा. हिला चार द्या.’’

त्यानंतर मथळ्याचा घोळ. चार कॉलमात एका ओळीत ठसठशीत टाइप घ्यायचा तर अक्षरं मोजूनच बसतात आणि ‘स्लोव्हेनिया’ हा शब्द नुसता पसरतो. दादांनी माझे दोन मथळे लावून दाखवले. ‘पोगाचारची बाजी’ बसत होता, पण त्यात रोग्लिच नव्हता. ‘रोग्लिचचं स्वप्न भंगलं’ सरांना आवडला होता. हरलेल्याची बातमी वाचक वाचतो, असं त्यांचं मत आहे आणि ते खरंही आहे. पण मला दोन्ही खोटे वाटत होते. शेवटी मुख्य मथळा केला: ‘पिवळी जर्सी घरातच राहिली’. वर बारीक अक्षरांत स्लोव्हेनिया, दोघांची नावं आणि सेकंद. या मथळ्याचा मला आजही अभिमान आहे.

फोटोवर मात्र मी हरले. एका फोटोत रोग्लिच रेषेपलीकडे जमिनीवर बसलेला, दुसऱ्यात तो पोगाचारला मिठी मारतोय. सरांनी बसलेला लावायला सांगितला. मिठीचा लावायला हवा होता. ज्याच्याकडून जर्सी गेली तोच माणूस थोड्या वेळात उठून, ज्यानं ती नेली त्याला जवळ घेतो, आणि ती त्या दिवसाची अर्धी बातमी होती.

सामना संपला तेव्हा साडेअकरा होत आले होते. रायुडूच्या ७१, चेन्नई पाच गडी राखून विजयी. पान गेलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून फोन. वयस्कर आवाज, तरुणपणी सायकल शर्यती केलेले गृहस्थ. त्यांच्या अंकात रोग्लिच उंबरठ्यावरच होता आणि नातवानं मोबाइलवर काही वेगळंच दाखवलेलं. ‘‘ताई, जिंकला कोण ते कळलं. दुसरा कुठं मोडला ते सांगा.’’ मी पायथ्याची नोंद आणि वरची नोंद वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘‘बरोबर. घाटात पाय गेला की मग सेकंदात हिशेब राहत नाही.’’ त्या माणसाला खरी बातमी मिळायला हवी होती आणि नेमकी त्यालाच आम्ही शिळी पाठवली.

पुढे मी रविवारच्या पुरवणीसाठी स्लोव्हेनियावर लिहायला बसले. टीना माझेनं २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णं घेतली. २०१७ साली बास्केटबॉलचं युरोपीय विजेतेपद त्यांनी जिंकलं तेव्हा लुका डोन्चिच अठरा वर्षांचा होता. डोंगर आहेत, बर्फ आहे, हे झालंच. पण मला गुंतवून ठेवलं ते त्यांच्या शाळांनी. तिथे दरवर्षी शाळेतल्या मुलांची शारीरिक चाचणी होते: उभ्यानं लांब उडी, लटकून राहणं, ६० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं, अडथळ्यांतून मागे मागे जाणं. १९८७ पासून ती देशभर चालू आहे आणि मुलाच्या वाढीबरोबर त्याच्या नोंदीही साठत जातात. आपल्याकडे पीटीचा तास गणिताचे सर परीक्षेच्या आधी मागून घेतात आणि पालकांना त्यात वावगं वाटत नाही. मग ऑलिम्पिकच्या वर्षी हेच पालक विचारतात, एवढ्या मोठ्या देशाला पदकं का नाहीत. माझ्या लेखातला हा भाग जागेअभावी कापला गेला. उरलं काय, तर देशाची लोकसंख्या आणि पदकांची यादी.

रोग्लिचनं त्यानंतर पंधरा दिवसांनी लिएज-बास्तोन-लिएज ही जुनी शर्यत मारली आणि पुढच्या वर्षी टोकियोत ऑलिम्पिकचं टाइम ट्रायल सुवर्ण. पोगाचारनं टूर पुन्हा २०२१, २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकली. पण माझ्या दृष्टीनं त्या रात्रीचा दुसरा भाग २७ मे २०२३ ला घडला. जिरो डी इटालिया या इटलीतल्या टूरसारख्याच शर्यतीचा शेवटून दुसरा टप्पा, स्लोव्हेनियाच्या सीमेजवळच्या मोंते लुसारीवर, पुन्हा एकेकट्यानं, पुन्हा भिंतीसारखा चढ. या वेळी रोग्लिच पहिल्या क्रमांकावरच्या गेरेन्ट थॉमसपेक्षा २६ सेकंद मागे. वाटेत साखळी उतरली, ती बसवून तो निघाला तेव्हा त्याला ढकलायला धावला तो प्रेक्षक त्याचा स्की जंपिंगमधला जुना सोबती निघाला. तरीही त्यानं थॉमसवर ४० सेकंद काढले आणि जिरो १४ सेकंदांनी जिंकली.

त्या दिवशी आयपीएलला सुटी होती, अंतिम सामना दुसऱ्या दिवशी ठरलेला. निकाल आपल्या वेळेनं दहाच्या बराच आधी आला. सरांनी न मागता पाच कॉलम दिले आणि बातमी डाक आवृत्तीतही गेली. मी फोटोचा विषय पुन्हा काढला. २०२० ला बसलेला रोग्लिचच बरोबर होता, असं सर अजून म्हणतात. हा निकाल आल्यावर तर त्यांना ते जास्तच पटलंय. मला पटलेलं नाही.