डिझेल? आणि आत्ता?

गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा अण्णांनी रंग विचारला नाही, किंमतही विचारली नाही. "डिझेल का पेट्रोल?" एवढंच. डिझेल म्हटल्यावर पलीकडून समाधानाचा हुंकार आला आणि लगेच पुढचा प्रश्न, "अॅव्हरेज किती देतीया?" गाडी तोवर शोरूमपासून आमच्या पार्किंगपर्यंत जेमतेम सहा किलोमीटर चालली होती.

इकडे जर्मनीत नेमकं उलटं. ऑफिसात कॉफी घेताना बातमी फोडली, तर समोरचा सहकारी कप खाली ठेवून म्हणाला, "डिझेल? आणि आत्ता?" मी जणू नवाकोरा टाइपरायटर घेऊन आलो होतो. त्याचंही चूक नाही. 2015 च्या सप्टेंबरात डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत फसवणूक केल्याचा घोटाळा बाहेर आला, त्या वर्षी इथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलवर चालणाऱ्या होत्या. 2024 मध्ये सहातली एक. मधल्या काळात स्टुटगार्टने जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी केली, मग म्युनिकनेही केली. डिझेल घेणं ही आता इथे समजावून सांगायची गोष्ट झाली आहे. तर समजावतो.

आम्ही राहतो आउग्सबुर्गला, माझं काम उल्मच्या बाहेर एका औद्योगिक वसाहतीत. जाऊन-येऊन 160 किलोमीटर, आठवड्यातून दोन-तीनदा. रेल्वे आहे, पण स्टेशनपासून वसाहतीपर्यंतची बस चुकली की मीटिंग गेली. दोन वर्षं तसंच काढलं. इलेक्ट्रिकचा विचार अगदी मनापासून केला होता. पण सरकारी अनुदान डिसेंबर 2023 मध्ये एका शनिवारी जाहीर करून रविवारी रात्री बंद केलं, आणि आमच्या इमारतीच्या तळघरातल्या भाड्याच्या पार्किंगला साधा प्लगसुद्धा नाही. मग बायकोने वहीत आकडे मांडले. तेव्हा इथे डिझेलवरचा इंधनकर लिटरला 47 सेंट होता आणि पेट्रोलवर साडेपासष्ट, म्हणून पंपावर डिझेल स्वस्त पडत होतं. पण सरकार ते वर्षाच्या वाहनकरात वसूल करतं: इंजिनाच्या दर 100 सीसीला पेट्रोलसाठी 2 युरो, डिझेलसाठी साडेनऊ. आमच्या दोन लिटरच्या इंजिनाचे त्यातच 190 युरो झाले, कार्बनचा कर वेगळा. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊच नये. आमचे वीस हजार होणार होते. हिशेब चारेकशे युरोंनी डिझेलच्या बाजूने झुकला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी दारात आली. दोन लिटर टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, दीडशे हॉर्सपॉवर, सात गिअरचा ऑटोमॅटिक.

कॉम्बी म्हणजे स्टेशन वॅगन. आपल्याकडे असली गाडी दिसली की लोकांना अँब्युलन्स आठवते, इथे मात्र संसारी माणसाची हीच खूण. डिकी 640 लिटर. पहिल्याच शनिवारी म्युनिकच्या इंडियन दुकानातून दहा किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या, पिठं, पापड, लोणच्याच्या बरण्या आणि धाकट्याची ढकलगाडी भरली, तरी मागच्या काचेतून रस्ता दिसत होता. ड्रायव्हरच्या दारात एक छत्री खोचलेली आहे आणि इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी. ही पट्टी कोणाला सुचली असेल त्याने नक्कीच कधीतरी बँकेच्या कार्डाने काच खरवडली असणार.

नंबरप्लेटची गंमत सांगायलाच हवी. 10 युरो 20 सेंट भरले की पाहिजे ती अक्षरं आणि आकडे मिळतात. पहिलं अक्षर शहराचं, आमचं ए. पुढे आम्हा दोघांच्या नावांची आद्याक्षरं टाकायची ठरली: तिचं एस, माझं ए. संगणक काही केल्या घेईना. खूप वेळाने डोक्यात प्रकाश पडला. एसए हे हिटलरच्या तपकिरी शर्टवाल्या टोळ्यांचं संक्षिप्त नाव. एसएस, एनएस, एचजे, केझेड या नाझींच्या इतर संक्षेपांबरोबर तेही नंबरप्लेटवर चालत नाही. उलटं केलं, एएस, आणि लगेच मिळालं. "म्हणजे शेवटी तुझंच नाव आधी," असं मला अजून ऐकवलं जातं. यात माझा काही हात नाही हो.

दसरा शनिवारी, 12 तारखेला होता. झेंडू बागकामाच्या दुकानात कुंड्यांमध्ये मिळाला, त्याची तोरणाएवढी माळ झाली. तळघरात धुराचे सेन्सर असल्यामुळे उदबत्ती न लावता नुसती ओवाळली. बॉनेटवर हळदीकुंकू, समोर नारळ, चारही चाकांखाली लिंबं. तेवढ्यात शेजारच्या आजी सायकल काढायला खाली आल्या. माळ बघून त्यांनी विचारलं, "लग्न कोणाचं?" इथे फुलांनी गाडी सजते ती लग्नातच. मी म्हटलं, गाडीचंच. मग लिंबं चिरडताना त्या कौतुकाने बघत उभ्या राहिल्या, आणि चिरडून झाल्यावर मला केरसुणी आणून दिली. रसाने फरशीला डाग पडतात म्हणे.

आता चालवण्याविषयी. अण्णांनी बावीस वर्षं कराड-पाटण रस्त्यावर वडाप केलं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे एसटी येईपर्यंत माणसं ओढून नेणारी जीप. आमची कमांडर होती. हिवाळ्यात सकाळी किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझायची वाट बघायची, मग एकदम सगळी गल्ली जागी करणारा आवाज, आणि त्या थरथरीत टपावरचं दुधाचं कॅनसुद्धा वाजायचं. माझ्या कानात डिझेल म्हणजे ते. त्या मानाने ही गाडी मुकीच. थंडीत पहिली दोन मिनिटं तळघरात थोडी टकटक करते, त्याला जर्मन लोक 'नागेलन' म्हणतात, म्हणजे खिळे ठोकणं. मोठी मुलगी मात्र तेवढ्यावरून पहिल्या दिवशीच म्हणाली की आपली गाडी ट्रॅक्टरसारखी बोलते. तिने ट्रॅक्टर बघितला आहे तो फक्त कराडला.

खरी मजा हायवेवर. ए 8 वर पश्चिमेकडे लागलं की 130 ला गाडी निवांत चालते, इंजिन दोन हजारांच्या खाली गुणगुणत असतं आणि चढावर गिअर न बदलता ती नुसती ओढत राहते. हे ओढणं शब्दांत सांगता येत नाही, ज्यांनी डिझेल चालवली आहे त्यांना कळेल. ऑक्टोबरअखेर मुलांच्या सुट्टीत इटलीतल्या गार्डा सरोवराला गेलो. साडेचारशे किलोमीटर, मध्ये 1,370 मीटर उंचीचा ब्रेनर घाट. ऑस्ट्रियात इन नदीच्या खोऱ्यातून जाताना हवा शुद्ध राहावी म्हणून वेग शंभरवर बांधलेला आहे. मागून दोन्ही मुलं झोपलेली, बायको शेंगा सोलून देतेय, आणि 45 लिटरच्या टाकीचा काटा अर्ध्याखाली उतरायला तयार नाही. घाट चढताना मला सारखा कुंभार्ली आठवत होता, आणि टपावर कोणी बसलेलं नाही याचं उगीच वाईट वाटत होतं.

बोचणाऱ्याही गोष्टी आहेत. जुलै 2024 पासून युरोपात प्रत्येक नव्या गाडीला वेगमर्यादा ओलांडली की टोकणारी यंत्रणा सक्तीची आहे. पन्नासच्या जागी एक्कावन्न झाले की टिंग. बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही जागी. त्यात पाटी चुकीची वाचली तर मोकळ्या हायवेवर ऐंशीसाठी टिंग. पंखा, गरम हवा सगळं पडद्यावर बोट फिरवून, हे खूळ तर आता बहुतेक कंपन्यांना लागलं आहे. हातमोजे घालून बघा कधी. आणि लांबी 4.69 मीटर. आमच्या तळघराच्या वळणावर मी रोज श्वास रोखून धरतो, जसं काही त्याने गाडी बारीक होणार आहे.

पण ज्याने मला खरोखर घाबरवलं ती गोष्ट वेगळी. तिसऱ्या आठवड्यात मी आजारी होतो, उल्मला गेलोच नाही. गाडी फक्त बालवाडी, सुपरमार्केट, डॉक्टर अशी दोन-दोन किलोमीटर फिरली. एका संध्याकाळी तळघरात गाडी बंद केली, तरी पुढचा पंखा विमानासारखा घोंघावत राहिला. वर तापलेल्या लोखंडाचा वास. मुलांना बाहेर काढून मी दहा पावलं लांब उभा, अग्निशामक दलाचा नंबर 112 मनात घोकत. तीन-चार मिनिटांनी सगळं शांत. रात्री मॅन्युअल काढून वाचलं. एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारी गाळणी असते, ती भरली की गाडी स्वतःच तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं सलग पळावं लागतं. मी तिला मध्येच गप्प केलं होतं. गावातल्या गावात फिरवली की ही गाळणी तुंबते, आणि इथेच हे इंजिन कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही ते ठरतं. आता चार-पाच दिवस लांब जाणं झालं नाही की बायको म्हणते, "मुलांना बागेत नेलंस, आता हिला हायवेवर ने." आणि मी खरंच जातो. अर्धा तास, कारण नसताना. पर्यावरणाच्या नावाने डिझेल जाळून डिझेलची काजळी जाळायला. हसायला येतं, पण जातो.

दुसरी टाकी आहे अॅडब्लूची. पहिल्यांदा भरताना अण्णा व्हिडिओ कॉलवर होते.

"ह्ये निळं झाकण कशाचं?"

"युरियाचं."

"कशाचं?"

"युरिया, अण्णा. पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया. धुरातले विषारी वायू मारतो."

बराच वेळ शांतता. मग मागे आईला ऐकू जाईल असं, "आगं, हा गाडीला खत घालतोय." हजार किलोमीटरला दीडेक लिटर लागतं म्हटल्यावर त्यांनी ते एकराच्या हिशेबात बसवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. उणे 11 ला हे द्रावण गोठतं, म्हणून टाकीला हीटर असतो, हे मी सांगितलंच नाही. शेतात कधी खत गरम केलेलं नाही त्यांनी.

हिवाळ्यात डिझेलचंही असंच. थंडीत त्यातलं मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत इथले पंप उणे 20 पर्यंत टिकणारं हिवाळी डिझेल विकतात. आपण काही करायचं नाही, तेच मिळतं. मात्र इंजिन तापायला वेळ घेतं. जानेवारीत उल्मला डॅन्यूबच्या धुक्यात दिवसभर उभी राहिलेली गाडी संध्याकाळी पांढरी झालेली असते. इंजिन चालू ठेवून गाडी गरम करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा झाकणातली पट्टी काढायची आणि खरवडायचं. अंधारात, शेजारच्या गाड्यांचीही तीच खरखर.

आउग्सबुर्ग हे या इंजिनाचं माहेर आहे हे मला गाडी घेईपर्यंत धड माहीत नव्हतं. रुडॉल्फ डिझेल शाळेला इथेच होता, आणि 1897 साली त्याचं पहिलं यशस्वी इंजिन इथल्याच यंत्रकारखान्यात चाललं. इंधनातली सव्वीस टक्के शक्ती कामी लावणारं, वाफेची इंजिनं त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. विटेल्सबाखर पार्कात त्याच्या स्मरणार्थ मोठमोठे दगड मांडून केलेली बाग आहे. 1957 मध्ये एका जपानी इंजिन-उत्पादकाने कृतज्ञता म्हणून ते दगड जपानहून पाठवले. मुलं रविवारी त्या दगडांवर चढतात. मी तिथला फोटो अण्णांना पाठवला, तर उत्तर आलं: "बरं. अॅव्हरेज?"

शेवटी परवा त्यांच्या पद्धतीने काढलं. पडद्यावर दिसतंय शंभर किलोमीटरला 4.9 लिटर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेवीसच्या आसपास. अण्णांचा पडद्यावर विश्वास नाही. टाकी फुल, आकडा लिहून ठेवायचा, पुन्हा टाकी फुल. इथे भाव दिवसभरात बदलत राहतो, म्हणून तो उतरल्यावर रात्री आठला त्याच पंपावर, त्याच नळीजवळ गेलो. 742 किलोमीटर, 38.3 लिटर. कराडला तेव्हा मध्यरात्र उलटली होती, तरी फोन एका रिंगमध्ये उचलला.

"एकोणीस पूर्णांक चार, अण्णा."

"मीटर किती म्हनतंय?"

"वीस पूर्णांक चार."

"म्हंजे लबाड हाय," ते म्हणाले. "आपली कमांडर बारा द्यायची. पर चौदा मानसं बसवून."