एल्वा नदीचा रस्ता: धरण गेले, आता पायी जावे लागते

ऑगस्टच्या एका शनिवारी आम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिएटलहून पहाटेच्या फेरीबोटीने बेनब्रिज बेटावर उतरलो आणि १०१ क्रमांकाच्या महामार्गाने पोर्ट एंजलिसच्या पुढे एल्वा नदीकडे निघालो. बरोबर आई आणि बाबा होते. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, साताऱ्याकडे धरणे आणि कालवे बांधण्यात गेली आहे. मुद्दाम पाडलेले धरण पाहायला चाललो आहोत हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एल्वावर दोन धरणे होती. खालचे एल्वा धरण १९१३ साली पुरे झाले आणि वरचे, ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण १९२७ साली. समुद्रातून नदीत वर येणाऱ्या सॅमन माशांची वाट मोकळी करण्यासाठी २०११ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही पाडायला सुरुवात झाली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये वरच्या धरणाचा शेवटचा भाग उडवला गेला. मात्र तिथल्या रस्त्यांची कथा धरणे गेल्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि जाणाऱ्याची आजही तिच्याशीच गाठ पडते.

दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर गाळ साठला होता. तो मोकळा झाल्यावर नदी वाळू, गोटे आणि ओंडके घेऊन खाली आली, पात्र भरले आणि प्रवाह नव्या वाटा काढू लागला. ऑलिंपिक हॉट स्प्रिंग्ज रोड हा ऑलिंपिक नॅशनल पार्कमधील रस्ता नदीच्या पूरमैदानातूनच जात होता. पुढच्या काही हिवाळ्यांतील पुरांत तो तुटला, दुरुस्तीनंतर पुन्हा तुटला आणि काठावरची एल्वा व अल्टेअर ही दोन्ही कॅम्पग्राउंड्सही गेली. त्यामुळे मॅडिसन फॉल्स या धबधब्याच्या वाहनतळापुढे गाडी जात नाही.

हा वाहनतळ लहान आहे. आम्ही साडेनऊला पोचलो तेव्हा दोनच जागा शिल्लक होत्या आणि अकरापर्यंत मागे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. उन्हाळ्यात नऊच्या आत पोचावे. पार्कचा पास आधीच काढून ठेवावा, स्वच्छतागृह इथेच वापरून घ्यावे आणि पाणी घरूनच भरून न्यावे. रस्ता उघडा आहे की नाही, हेही आदल्या संध्याकाळी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे, कारण आत शिरल्यावर आमच्या फोनला रेंज नव्हती.

तिथून जवळजवळ दीड किलोमीटर डांबरी रस्त्यावरून आरामात चालता येते. मग अचानक डांबर संपते. मधली पिवळी रेघ कडेपर्यंत जाते आणि तुटलेल्या काठावर तशीच थांबते. खाली गोटे, आडवे पडलेले ओंडके आणि वाहते पाणी. बाबा काठी टेकवून त्या कडेपासून चार पावले मागे उभे राहिले आणि डांबराखालचा खडीचा थर किती जाड आहे ते वाकून पाहू लागले. “भराव चांगला होता,” एवढेच म्हणाले. काठ खालून पोखरलेला असतो, तेव्हा फोटोसाठी कुणी पुढे जाऊ नये.

इथून झाडीतून वळसा घालणारी साधारण आठशे मीटरची पायवाट आहे. ती चढउताराची आणि मुळांनी भरलेली आहे. सायकल आणायला हरकत नाही, उलट आणावीच, पण या टप्प्यात ती हाताने ढकलत न्यावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी इथूनच परतावे. बाबा आणि आई परतले. आम्ही पुढे गेलो. वाहनतळापासून एका बाजूने सुमारे सहा किलोमीटर आणि शेवटी चांगलाच चढ, असा हिशेब ठेवावा. वर धरणाच्या सांडव्यावर उभे राहून खाली पाहिले की, पूर्वीच्या जलाशयाच्या जागी कोवळी झाडे आणि त्यांतून वाट काढणारी नदी दिसते.

ज्येष्ठांसाठी दोन सोप्या जागा आहेत. मॅडिसन फॉल्सची वाट जेमतेम दोनशे मीटरची, डांबरी आणि व्हीलचेअरने जाण्याजोगी आहे. खालच्या धरणाची मोकळी झालेली घळ ११२ क्रमांकाच्या रस्त्याच्या बाजूने थोडे चालून पाहता येते.

परतताना बाबांनी १०१ वरील पुलाजवळ थांबायला लावले. जुना पूल १९२६ चा होता. धरणे गेल्यावर इथे पात्र खाली जाऊ लागले, तेव्हा तपासणीत कळले की त्याचा पाया खडकावर नसून नुसत्या गोट्यांवर उभा आहे. पायथ्याशी मोठे दगड टाकून काही वर्षे तो तगवला आणि २०२४ मध्ये शेजारी नवा पूल वाहतुकीला खुला झाला. धरण पाडण्याच्या अंदाजपत्रकात खालच्या-वरच्या प्रत्येक पुलाच्या पायाखालच्या जमिनीची छिद्रे घेऊन तपासणी आधीच धरायला हवी, असे बाबांचे मत पडले, आणि ते मला पटले.

घरी लवकर पोचायचे असेल, तर हूड कॅनॉलच्या तरंगत्या पुलासाठी एक तास जास्तीचा ठेवावा. जहाज जाताना तो उघडतो आणि वाहतूक थांबते. आम्ही तिथे चाळीस मिनिटे थांबलो; आईने डब्यातले थालीपीठ तिथेच संपवले.