शेवंतीची वही, पान तिसरं: खांबावरचा दिवा

गेल्या वर्षीचा हिशेब आधी. बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या अंगणात चौदा कुंड्या, जूनमध्ये लावलेली कटिंग्ज, वेळेवर खुडलेले शेंडे, आठवड्याला शेणाचं पाणी. डिसेंबर आला तरी झाडं नुसती उंच नि हिरवीगार, कळ्या मात्र तुरळक. चार कुंड्यांना एकही नाही. मातीला दोष देऊन झाला, खताला देऊन झाला, शेवटी नर्सरीवाल्यालाही शिव्या घातल्या.

उत्तर मिळालं जानेवारीत, बेंगळूरला. लालबागेचं पुष्पप्रदर्शन वर्षातून दोनदा असतं, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास. आपल्याला राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सोयीची, रात्रीत पोचवते. (कित्तूरच्या राणीच्या गाडीत बसायचं नि संगोळ्ळी रायण्णाच्या नावाच्या स्टेशनवर उतरायचं, जिल्हा काही सुटत नाही!) समोर मॅजेस्टिकला ग्रीन लाईनची मेट्रो धरली की चौथं स्टेशन लालबाग.

सगळी गर्दी 1889 च्या काचघरात, फुलांच्या भल्यामोठ्या देखाव्याभोवती. तो बघावा, फोटो काढावा आणि बाहेर पडावं. देखावा तोडलेल्या फुलांचा. त्यातून आपल्या अंगणात न्यायला काही मिळत नाही. खरा माल बाहेरच्या कुंड्यांच्या रांगांत. टेकू कसा दिलाय, फुटवे किती ठेवलेत, खालची पानं शाबूत आहेत का, हे वाकून बघायचं. त्यासाठी कामाचा दिवस आणि सकाळची वेळ गाठा. 26 तारखेला गेलात तर माणसांच्या पाठीच बघून याल.

तिथं पाणी घालणाऱ्या एका माळ्याला मी माझं रडगाणं ऐकवलं. माझं बेळगावी कन्नड ऐकून तो आधी पोटभर हसला. मग खताचं, मातीचं काहीच न विचारता एवढंच म्हणाला, "रात्रि लैट इदेया?" रात्री दिवा असतो का?

असतो की! गेटासमोरच्या खांबावर, कुंड्यांच्या बरोबर डोक्यावर. शेवंतीला कळी धरायला लांब आणि अखंड अंधार लागतो. पॉलिहाऊसवाले फुलणं लांबवायला रात्री मुद्दाम बल्ब लावतात. मी तेच करत होतो, फुकटात.

यंदा ऑगस्टअखेर अकरा कुंड्या परसात, विहिरीच्या बाजूला हलवल्या. तीन मुद्दाम गेटाशी ठेवल्या. सप्टेंबरभर पावसानं मुळं कुजायची भीती होती. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या, भागलं. मावा आला, साबणाच्या पाण्यानं धुतला.

मधल्या काळात कासच्या पठारावर जाऊन आलो. ते प्रदर्शन नव्हे, पण सप्टेंबरात साताऱ्याची वाट धरावी असंच आहे. सड्यावर जांभ्यावरची बोटभर माती, आणि तीवर पिवळीधम्मक सोनकी. तीही शेवंतीच्याच कुळातली. तिला कोण शेणाचं पाणी घालतं? सीतेची आसवं ही रानफुलं तर निकस मातीतली उणीव बारीक किडे पकडून भरून काढतात. शनिवार-रविवार टाळा, एवढंच सांगतो.

आज नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. परसातल्या अकराही कुंड्यांना कळ्या. पाच कुंड्यांत फांदीला एकच कळी ठेवून बाकीच्या खुडल्या; हात थरथरतो, पण मोठं फूल हवं तर इलाज नाही. उरलेल्या सहा झुपक्यानं फुलू देणार. हिवाळ्यात इथं बेळगावच्या ह्यूम पार्कात फलपुष्प प्रदर्शन भरलं की तिथल्या शेवंतीशी ताडून बघेन.

गेटाशी ठेवलेल्या तीन कुंड्या अजून नुसत्या हिरव्या. काल शेजारच्या अक्कांनी विचारलं, "ह्यांना काय रे पाणी घालत नाहीस?" मी दिव्याकडे बोट दाखवलं. त्या दिव्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.