आमची वाटचाल : दुसऱ्या रिमोटावर उभं राहिलेलं दुकान

बेळगावातल्या आमच्या टीव्हीगेमच्या दुकानात कुणी 'कंट्रोलर' म्हणत नाही. आईवडील 'रिमोट' म्हणतात, कॉलेजची पोरं 'पॅड' म्हणतात आणि खानापूरकडून येणारी थोडी जुनी माणसं अजून 'जॉयस्टिक' म्हणतात. मी तिन्हींना ओ देतो. माणूस आत आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घरात खेळणारे किती? मशीनच्या खोक्यात रिमोट बहुधा एकच येतो आणि घरातलं भांडण दुसऱ्यावरून होतं. गेली सव्वीस वर्षं आमचं घर त्या दुसऱ्या रिमोटावर चाललंय.

वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, गणपत गल्लीच्या मागच्या बोळात. १९९९ साली त्याच गाळ्यातली अर्धी फळी मागून घेऊन मी आणि माझा भागीदार टीव्हीगेम विकायला बसलो. भागीदार म्हणजे लहानपणापासूनचा सोबती. उद्यमबागेत लेथवर कामाला होता आणि हात असा सुबक की केसाएवढी तार डोळ्यांदेखत जोडून द्यायचा. त्याचं नाव मी इथं घेत नाही. बेळगावात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

त्या काळचे पॅड म्हणजे आत रबराची एक पट्टी, एक छोटी प्लेट आणि शेपटीला नऊ पिनांची वायर. वायर हमखास मानेपाशी तुटायची. चार बोटं वायर कापून टाकायची, उरलेली आतून पुन्हा जोडायची, गाठ मारायची, पंधरा रुपये घ्यायचे. पहिल्यांदा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर माल आणायला गेलो तेव्हा डिसोल्डरिंग पंपांची (जुन्या टाक्याचं कथिल ओढून घेणारे) जोडी घेतली. निळ्या रंगाचे, अॅल्युमिनियमचे, एक त्याला एक मला. कथिल वितळवायचं, बटण दाबायचं, खट् आवाज होऊन भोक साफ. त्या आवाजावर मी अजून सांगू शकतो की आतली रिंग झिजली आहे की नाही. स्वस्तातला प्लॅस्टिकचा पंप कुणी घेऊ नये. टोक जळतं आणि तुम्ही बोर्डाला दोष देत बसता.

२००४ मध्ये माळ्यावर पीएस२ची (सोनीचं प्लेस्टेशन २) चार मशीन मांडून पार्लर सुरू केलं. खरं शिक्षण तिथं झालं. दोन भाऊ यायचे, थोरला पटकन चांगला पॅड उचलायचा, धाकट्याच्या वाट्याला अडकणाऱ्या बटणाचा यायचा. धाकटा रोज हरायचा. एकदा मला म्हणाला, "मामा, मी काय बी दाबलो नाही, माझा प्लेयर आपणच पळूलालाय." मी तो पॅड उघडला तर पोरगा खरं बोलत होता. तितके दिवस सगळे त्याला हसत होते. त्या दिवशी ठरवलं की आमच्याकडून जाणारा दुसरा रिमोट पहिल्याच्या तोडीचाच जाईल. भागीदारानंही तेव्हा मान डोलावली होती.

पुढच्या दहा वर्षांत सांगण्यासारखं विशेष नाही. धंदा चालला, कर्ज फिटलं, मुलं शिकली.

६ जानेवारी २०१४ला पीएस४ आपल्याकडे आलं, ३९,९९० रुपयांना. एवढं महाग मशीन बेळगावात कोण घेणार, असं लोक म्हणायचे. घेतलं. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांनी घेतलं, शहापूरच्या सराफांच्या मुलांनी घेतलं, गडहिंग्लज-चंदगडहून पोरं यष्टीनं येऊन घेऊन गेली. आणि मशीन घरात गेलं की महिन्याभरात दुसऱ्या पॅडसाठी माणूस परत येतोच. नफा मशीनवर नसतो, या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत आहे.

२०१६च्या गणपतीआधी भागीदार मुंबईहून एक मोठं खोकं घेऊन आला. पीएस४चे चाळीस पॅड, निम्म्याहून कमी दरात. वरून बघितलं तर हुबेहूब. मी एक हातात घेतला, टचपॅडवर बोट फिरवलं, काही नाही. तो नुसता दाबला जात होता, बोट कुठं फिरतंय हे त्याला कळतच नव्हतं. मागचे चार स्क्रू काढले. खऱ्या बोर्डावर 'जेडीएम'नं सुरू होणारा नंबर असतो, इथं दुसरंच काहीतरी छापलेलं. बॅटरीवर क्षमता १००० एमएएच लिहिलेली, पण सेल काडेपेटीएवढा. मी म्हटलं, हे परत पाठव. तो म्हणाला, "गिऱ्हाईकाला कळतंय कुठं? दुसऱ्या रिमोटाला कोण बघतंय?"

सतरा वर्षं एका स्टुलावर बसून जेवलेला माणूस हे बोलला. मला झोप लागली नाही. अनंत चतुर्दशीनंतर आम्ही वेगळे झालो. हिशेब झाला, गाळा वडिलांचा म्हणून माझ्याकडे राहिला, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यानं आमच्या दारातून दिसेल असा गाळा घेतला. बोर्ड लावला : मशीनबरोबर दुसरा रिमोट फुकट.

८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या, सगळेच बसले, त्याचं काही नाही. पण जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि गेमच्या मशीनवर, पॅडवर २८ टक्के लागला. मी प्रत्येक पॅडवर बिल फाडत होतो. तिकडं बिल नाही, कर नाही आणि माल डुप्लिकेट. माझ्या किमतीत त्याचे तीन पॅड येत. लोक माझ्या काउंटरवर येऊन खरा पॅड हातात घेऊन बघायचे, सगळी माहिती विचारायचे आणि समोर जाऊन घ्यायचे. याहून वाईट म्हणजे तीन महिन्यांनी ते बिघडलेले पॅड माझ्याकडे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "तुमच्याच दुकानातला आहे की." वर्षानुवर्षं आम्ही दोघं जोडीनं दिसलो होतो, त्यामुळे लोकांच्या मनात दुकान एकच होतं. त्यानंही कुणाला सांगितलं नाही की आम्ही वेगळे आहोत. उलट, दोघांचा माल एकाच लॉटचा, असं सांगत होता हे मला तिघांनी येऊन सांगितलं. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचं काही कारणही दिसत नाही.

त्या दिवसांत आमच्या बाजूनं एक माणूस उभा राहिला. आम्ही त्यांना सुभेदार काका म्हणतो. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त, कॅम्पच्या पलीकडे घर, दोन जुळे नातू. त्यांनी माझ्याकडून पॅडची जोडी घेतली होती आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की हा डुप्लिकेट विकतो. काका तडक दुकानात आले. आवाज न चढवता म्हणाले, "उघडून दाखवा." मी दोन्ही पॅड त्यांच्यासमोर उघडले. बोर्डाचा नंबर दाखवला, मल्टिमीटर लावून स्टिकचं (अंगठ्यानं फिरवायची दांडी) रीडिंग दाखवलं. मग समोरच्या दुकानातला, दुरुस्तीला आलेला एक पॅड उघडून शेजारी ठेवला. काकांनी चष्मा काढून तिन्ही बोर्ड नाकाशी धरून बघितले आणि एवढंच म्हणाले, "हे लिहून ठेवत चला." तेव्हापासून नोंदवही सुरू झाली. प्रत्येक पॅड जाण्याआधी त्याचं वजन (शहापूरच्या सराफाकडून जुना काटा घेतला, पीएस४चा खरा पॅड २१० ग्रॅमच्या आसपास भरतो), दोन्ही स्टिकांचं रीडिंग, तारीख आणि गिऱ्हाईकाची सही. काका दर महिन्याला येऊन वही चाळायचे, परेडची तपासणी केल्यासारखी.

१ जानेवारी २०१९पासून कर १८ टक्क्यांवर आला. वाटलं, आता श्वास घेता येईल. कर्ज काढून गणपती-दिवाळीचा माल आधीच भरला, आणि ऑगस्टमध्ये पाऊस आला.

त्या पावसाचं बेळगावकरांना काय सांगायचं? यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, तिकडं शिरोलीला पंचगंगेचं. मुंबईचा माल कोल्हापूरच्या पलीकडेच अडकला, आणि इथं आमच्या तळघरात रात्रीतून कमरेएवढं पाणी. सकाळी शटर वर केलं तेव्हा खोकी तरंगत होती. शंभरावर पॅड. एक उचलून तिरका केला तर स्क्रूच्या भोकांतून तांबडं पाणी धारेनं पडलं. मी पायरीवर बसलो आणि कर्जाचा आकडा आठवत राहिलो. समोरचं दुकान उंचावर होतं, त्याला काही झालं नाही. दार उघडून तो बाहेर आला, बघितलं, आत गेला.

काका अकरा वाजता आले. हातात दात घासायचे जुने ब्रश, डझनभर. म्हणाले, रायफल गाळात पडली तर आम्ही फेकत नाही. मग मी, बायको, काका आणि ते दोन नातू, पाच दिवस तेच काम. स्क्रू काढायचे, बॅटरी आधी सोडवायची (हे पहिलं, बाकी सगळं नंतर, ओल्या बोर्डावर बॅटरी राहिली तर तांबं हिरवं पडतं), बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून ब्रश मारायचा, 'तरुण भारत'च्या अंकांवर ओळीनं मांडून पंखा लावायचा. पीएस४च्या पॅडमध्ये बटणांखाली एक पातळ फिल्म असते, तिच्या मागं स्पंजाचा तुकडा. तो स्पंज गाळ पिऊन बसला होता, प्रत्येक ठिकाणी नवा कापून चिकटवला. बासष्ट पॅड जगले. ते मी नवे म्हणून विकले नाहीत. बिलावर 'पाण्यात भिजलेला, दुरुस्त' असं लिहून अर्ध्या किमतीत दिले, आणि सगळे गेले. निपाणीच्या पार्लरवाल्या अण्णांनी एकट्यानं वीस नेले आणि पैसे रोख मोजले. दुकान त्यावर उठलं.

पुढच्या वर्षी सगळं बंद झालं, घरोघरी पोरं अडकली आणि दुरुस्तीला खंड पडला नाही. समोरचं शटर त्याच वर्षी कायमचं खाली आलं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

२ फेब्रुवारी २०२१ला पीएस५ आपल्याकडे आलं. बुकिंग काही मिनिटांत संपायचं. तेव्हापासून आजपर्यंत रोज एक तरी माणूस विचारतो, पीएस४चा जुना पॅड दुसरा म्हणून चालेल का? चालतो, पण फक्त पीएस४च्या गेमला. पीएस५ची गेम टाकली की मशीन त्याला घेत नाही. एवढं एक कळलं नाही म्हणून माणसं पाडव्याच्या दिवशी पोरांच्या रडण्यासकट दुकानात आलेली मी पाहिली आहेत. नवा पॅड ५,९९० रुपयांना आला होता, महागच. पण सोनीचं लायसन नसलेला स्वस्त पॅड पीएस५ थेट घेतच नाही, तेव्हा तिथं हात आखडू नका. एक्सबॉक्सवाल्यांचं बरं आहे, एक्सबॉक्स वनचे पॅड नव्या सिरीजच्या मशीनवर सगळ्या गेमला चालतात. त्यात पेन्सिल सेल लागतात. रिचार्जचे चार सेल घ्या, दोन पॅडमध्ये, दोन चार्जरवर. आणि ते उघडायला टी-८चा मध्ये भोक असलेला टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर) लागतो, साध्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं डोकी घासून माझ्याकडे आणू नका. एक स्क्रू बॅटरीच्या कप्प्यात स्टिकरखाली असतो.

जून २०२५ मध्ये निन्टेंडोचं स्विच २ बाहेर आलं. आपल्याकडे ते कंपनीकडून अधिकृतपणे येत नाही, दुबई-सिंगापूरहून आलेलं असतं, त्यामुळे विकणारा कोण हे बघून घ्या. जुन्या स्विचचे जॉय-कॉन (मशीनच्या दोन्ही कडांना बसणारे छोटे पॅड) त्यावर वायरलेस चालतात, पण कडेला बसत नाहीत. जुन्याला रूळ होते, नव्याला चुंबक आहे. बसत नाहीत म्हणजे मशीनवर चार्जही होत नाहीत, त्याची वेगळी सोय लागते. घरी जुनं स्विच असेल तर ते विकू नका, चार्जर म्हणून तरी ठेवा.

आणि स्टिक आपोआप सरकायला लागली की लगेच नवा पॅड घेऊ नका. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून पत्रा घासत जातो, झिजली की मधलं रीडिंग सरकतं. स्टिकचा पूर्ण भाग बदलता येतो, चौदा टाके आहेत. चौदाही भोकं त्या निळ्या पंपानं साफ करायची, घाईनं ओढलं तर बोर्डाची तार उचकटते. चुंबकावर चालणारे हॉल सेन्सरचे भाग आता मिळतात, त्यात घासण्यासारखं काही नाही. मी ते बसवतो, पण नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे मधलं रीडिंग पुन्हा जुळवणं, नीट करावं लागतं, ते घरी करायचं काम नाही.

गेल्या महिन्यात काकांचा एक नातू आला. पुण्याला नोकरीला आहे, पहिल्या पगारातून पीएस५ घेतलंय. भाऊ इथंच असतो, सुट्टीला घरी आला की दोघं खेळतात. दुसरा पॅड हवा होता. मी खोकं उघडायला लागलो तर म्हणाला, "आजोबांनी सांगितलंय, वजन करून, वहीत लिहून घे." काका आता घराबाहेर पडत नाहीत. मी काटा काढला, पॅड ठेवला, रीडिंग घेतलं आणि त्यानं त्यांच्या जुन्या सहीखाली सही केली. वही दाखवायला मोबाईलवर फोटो काढून नेला.

समोरून आलेले डुप्लिकेट पॅड अजूनही दुरुस्तीला येतात. करून देतो, तेवढेच पैसे घेतो. पंपांच्या जोडीतला दुसरा पंप मात्र अजून भागीदाराकडेच आहे. माझ्या पंपाची रिंग आता बाजारात मिळत नाही.

दुकान सोमवारी बंद असतं. दुसरा रिमोट घ्यायला येताना मशीनबरोबर आलेला पहिला सोबत आणा, दोन्ही एकाच वेळी तपासून देतो.