न काढलेल्या तिकिटाची लॉटरी

काल रात्री झोप येईना म्हणून स्पॅम फोल्डर उघडून बसलो. खरं तर तिथे बघायची काही गरज नसते, जीमेल ३० दिवसांनी ते सगळं आपोआप उडवून टाकतं, पण एकदा एक कामाचा मेल तिथे जाऊन पडला होता आणि मला पंधरा दिवस त्याचा पत्ता नव्हता, तेव्हापासून ही डोकवायची सवय लागलीय. मोजले तर ४१ मेल. त्यातले ९ मला बक्षीस लागल्याचे. एकात साडेआठ लाख डॉलर, एकात नवी कोरी गाडी, आणि एका मरणाच्या दारात असलेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईंनी आपली सगळी इस्टेट माझ्या नावावर केलेली, ते पण मला कधी बघितलेलं नसताना. माझ्या सख्ख्या मामाने त्याची जुनी सायकल मला द्यायला सहा महिने लावले होते.

आधी मी या मेलना फक्त हसायचो. आणि चार-पाच वर्षांपूर्वी तर हसण्याच्या पुढे जाऊन एक शहाणपणा केला, एकाला रिप्लाय केला. म्हटलं बघू तरी पुढे काय होतं, आपल्या खिशातून काय जातंय. नाव खोटं दिलं, बाकी माहिती पण खोटी, पण मेल आयडी मात्र माझा खरा, रोजच्या वापरातला. इथेच माती खाल्ली.

अर्ध्या तासात उत्तर. सोबत एक सर्टिफिकेट, सोनेरी बॉर्डर, मधोमध गरुडासारखा कुठलातरी पक्षी, खाली गोल शिक्का. शिक्का मुद्दाम थोडा तिरका मारलेला, म्हणजे कुणीतरी खरंच हाताने मारलाय असं वाटावं. मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. मग फॉर्म आला, मग प्रोसेसिंग फी आली. मी लिहिलं, साहेब एवढी मोठी रक्कम तुमच्याकडे माझीच पडून आहे, त्यातूनच फी कापून घ्या आणि उरलेली पाठवा. तर त्यावर उत्तर, की रक्कम इन्शुरन्स बाँडखाली बांधलेली असल्यामुळे विजेत्याच्या हातात पडेपर्यंत तिला कुणालाच हात लावता येत नाही. म्हणजे हा प्रश्न त्यांना आधी शेकडो जणांनी विचारलेला असणार आणि उत्तर तयारच असणार. फी भरली असती तर पुढे विमा, मग टॅक्स क्लिअरन्स, मग कुठल्यातरी अधिकाऱ्याची सही, असं जोपर्यंत माणूस देतोय तोपर्यंत चालूच. मी तिथे थांबलो, पण माझा इनबॉक्स थांबला नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत स्पॅम तिपटीने वाढला. कारण उघड आहे, या आयडीमागे जिवंत माणूस आहे, तो मेल वाचतो आणि उत्तरही देतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि असे जिवंत पत्ते ही मंडळी एकमेकांना विकतात.

पण माझं हसू खरं पळालं ते काकांमुळे. काका रिटायर्ड, सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, भाजीवाल्याने दोन रुपये जास्त लावले तरी लक्षात येणारा माणूस. त्यांचा एक दिवस फोन आला, "अरे एक विचारायचं होतं, फोनवर नको, घरी ये, आणि काकूला काही बोलू नकोस." गेलो. त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यात मेलची प्रिंट, व्यवस्थित पंच करून लावलेली, आणि रेफरन्स नंबरखाली पट्टीने पेन्सिलची रेघ मारलेली. ती रेघ बघून मला कसंतरीच झालं. पैसे अजून पाठवले नव्हते पण जन्मतारीख, फोन नंबर, ओळखपत्राचा फोटो हे सगळं आधीच गेलेलं.

मी म्हटलं, काका, काकूला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "त्यात लिहिलंय ना, रक्कम मिळेपर्यंत गुप्त ठेवा, नाहीतर दुसरं कोणी क्लेम करेल."

ते वाक्य मी शंभर वेळा वाचलं असेल आणि शंभर वेळा हसलो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अख्ख्या मेलमधलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. रक्कम, शिक्का, पक्षी हे सगळं दुय्यम, त्यांना माणूस एकटा पाडायचा असतो. कारण काकूने ऐकल्या ऐकल्या विचारलं असतं, आणि संध्याकाळी मी सांगितल्यावर विचारलंच, "अहो पण तिकीट कधी काढलं होतंत तुम्ही?"

मग मी त्या मेलमधली एकेक बावळट गोष्ट परत नीट बघायला लागलो. "४८ तासांत उत्तर द्या" कशासाठी, तर रात्र मध्ये जाऊ नये, सकाळी डोकं थंड होतं. फी छोटी कशासाठी, तर एकदा थोडे गेले की ते वाचवण्यासाठी माणूस आणखी घालतो. आणि ते भयाण इंग्रजी, स्पेलिंगच्या चुका? मला वाटायचं यांना लिहिता येत नाही. पण कॉरमॅक हर्ली म्हणून मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधला एक संशोधक आहे, त्याने २०१२ मध्ये असाच एक प्रश्न घेऊन पेपर लिहिला, की नायजेरियन स्कॅमवाले, म्हणजे मोठ्या रकमेचं आमिष दाखवून आधी फी मागणारे, आपण नायजेरियाचे आहोत असं उघड का सांगतात, सगळ्या जगाला तो प्रकार माहीत असताना. त्याचं म्हणणं असं की लाखो मेल पाठवायला खर्च जवळजवळ काहीच नाही, खर्च आहे तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पुढे आठवडेच्या आठवडे बोलण्यात. मग अर्ध्या वाटेत शंका येऊन सटकणारा माणूस त्यांना परवडत नाही. म्हणून पहिलाच मेल इतका अशक्य ठेवायचा की शंकेखोर लोक तिथेच गळून पडतील. थोडक्यात मेल ही चाळणी आहे, आणि मी ज्यावर हसत होतो ती चाळणीची भोकं होती. हे वाचल्यावर माझी हुशारी जरा उतरलीच.

आणि हे काही इंटरनेटचं पाप नाही. एकोणिसाव्या शतकात टपालाने हाच धंदा चालायचा, स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत कैदी आहे, त्याला सोडवायला थोडे पैसे पाठवा, सुटला की त्याच्या संपत्तीत तुमचा वाटा. तेव्हा निदान प्रत्येक पत्राला तिकीट लावावं लागायचं. जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. असो.

आता मी काय करतो ते सांगतो. रिप्लाय नाही, शिव्या घालायला पण नाही. अनसबस्क्राइब फक्त तिथेच जिथे मी स्वतः कधीतरी नाव नोंदवलं होतं, बक्षीसवाल्यांच्या मेलमध्ये ते बटण म्हणजे परत तोच रिप्लाय किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच साइटवर नेणारी लिंक. चित्रं आपोआप लोड होणं बंद ठेवलंय, कारण कधीकधी त्यात एका ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र असतं आणि ते लोड झालं की समोरच्याला कळू शकतं की मेल उघडला. आणि नुसतं डिलीट करत नाही, रिपोर्ट स्पॅम करतो, कारण फिल्टर त्यातूनच शिकतो, डिलीट केलं तर त्याला काय समजणार, तुम्ही चांगला मेल पण वाचून डिलीट करताच की.

पाठवणाऱ्याच्या नावावर तर अजिबात जायचं नाही. मेलमधलं ते फ्रॉम म्हणजे लिफाफ्यावर मागे लिहिलेलं नाव, कोणीही कोणाचंही लिहावं. कधी शंका आलीच तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तीन टिंबांवर शो ओरिजिनल दिसतं, तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्याच्या डोमेनवरून, म्हणजे @ नंतरच्या नावावरून, आलाय का हे बघणाऱ्या तपासण्या) यांच्यासमोर पास की फेल ते लिहिलेलं असतं. फेल असेल तर सावध व्हायचं, जरी फॉरवर्ड झालेला खरा मेलही कधीकधी फेल होतो. पण पास असेल तर मेल चांगला असं मुळीच नाही, त्याचा अर्थ एवढाच की मेल ज्या डोमेनचा म्हणतोय तिथूनच आलाय, आणि फुकटचं अकाउंट काढून पाठवलेला स्कॅमही झक्क पास होतो. काकांचा झालेला. त्यापेक्षा रिप्लाय-टू बघा, म्हणजे आपलं उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार ते. काकांच्या मेलमध्ये वर मोठ्या संस्थेचं नाव होतं आणि रिप्लाय जात होता एका फुकट अकाउंटला, नावाच्या पुढे चार आकडे असलेल्या.

अजून एक जमतं, जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिक चिन्ह टाकून पुढे काहीही लिहिता येतं, मेल तुम्हालाच येतो. कुठे नवीन नोंदणी केली की तिथलं नाव मी त्यात टाकतो, म्हणजे पुढे त्या पत्त्यावर लॉटरी लागली की पत्ता कुठून फुटला ते लगेच समजतं. काही साइट ते चिन्ह घेत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

काकांचं प्रकरण तिथे संपलं असं वाटलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी त्यांना आणखी एक मेल आला, की आम्ही त्या फसवणाऱ्या टोळीला पकडलंय, पीडितांच्या यादीत तुमचं नाव आहे, नुकसानभरपाई मंजूर झालीय, फक्त किरकोळ फी. त्याच यादीवरून दुसऱ्यांदा जाळं टाकायचं, हा पण जुनाच प्रकार. काकांनी तो मला फॉरवर्ड केला, वर फक्त तीन शब्द, "हे तेच ना?"

तेव्हापासून ते भलतेच सावध झालेत. मीच त्यांना शिकवलंय, डिलीट नाही, रिपोर्ट स्पॅम. मागच्या महिन्यात मी त्यांना लग्नाच्या फोटोंची लिंक पाठवली, आठवडाभर काहीच उत्तर नाही म्हणून फोन केला. म्हणाले, "हो आला होता, तुझं नाव घेऊन कुणीतरी पाठवला होता, लिंक होती, मी लगेच रिपोर्ट केला." त्यानंतरचे माझे सगळे मेल आता त्यांच्या स्पॅममध्ये जातायत.